अनुदानामुळे शौचालये ओस पडतात काय?

गरीब कुटुंबाला शौचालय बांधण्यासाठी सरकारने पैसे देऊ नयेत, कारण पैसे दिले की शौचालय उभे राहते पण वापरले जात नाही, हा विचार ग्रामीण स्वच्छतेच्या क्षेत्रात गेल्या पंचवीस वर्षांत जवळजवळ सिद्ध सत्यासारखा रुजला आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची कदर राहत नाही, ज्याला स्वतःच्या पैशाने बांधणे जमले असते तोही यादीत नाव लागण्याची वाट पाहत बसतो, ठेकेदार आणि मधली माणसे रक्कम गिळतात, आणि खरी अडचण पैशाची नसून सवयीची आहे, अशी या विचाराची मांडणी असते. त्यातून निष्कर्ष असा काढला जातो, की सरकारने प्रबोधन करावे, स्पर्धा घ्याव्यात, चांगल्या गावांना बक्षिसे द्यावीत, मात्र घरच्या शौचालयाचा खर्च ज्याचा त्याच्यावर सोडावा. यातला प्रत्येक आक्षेप कुठल्या ना कुठल्या खऱ्या अनुभवातून आलेला आहे आणि म्हणूनच त्याला गांभीर्याने उत्तर देणे भाग आहे. परंतु त्या अनुभवांतून काढलेला निष्कर्ष पुराव्याला धरून नाही, आणि त्याची किंमत ज्यांना मोजावी लागते ती माणसे धोरण ठरवणाऱ्या बैठकांना कधीच हजर नसतात.

अनुदानविरोधाचा सर्वांत भक्कम आधार महाराष्ट्रातलाच आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्य सरकारने अनुदान देऊन खेड्यापाड्यांत लाखो शौचालये बांधली आणि नंतरच्या पाहणीत त्यांपैकी निम्म्याच्या आसपास वापरात नसल्याचे आढळले. कुठे आत सरपण रचलेले होते, कुठे गोवऱ्या, तर कुठे शेळ्या बांधलेल्या. या निराशेतूनच २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान उभे राहिले. तत्कालीन ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने चाललेल्या या अभियानात बांधकामाला पैसे देण्याऐवजी गावागावांत स्वच्छतेची चुरस लावण्यात आली. साधारण त्याच काळात बांगलादेशाच्या राजशाही जिल्ह्यातील मोसमोईल या गावी कमल कार यांनी एक पद्धत विकसित केली होती, जी पुढे समुदायप्रणीत संपूर्ण स्वच्छता या नावाने जगभर पसरली. या पद्धतीत गावकऱ्यांना एकत्र गोदरीपर्यंत, म्हणजे उघड्यावर शौचास बसण्याच्या जागेपर्यंत नेले जाते, ती विष्ठा माशांच्या पायांनी आणि पावसाच्या पाण्याबरोबर कोणाच्या ताटात पोहोचते याचा हिशेब त्यांच्याच तोंडून वदवून घेतला जातो, आणि त्या किळसेतून व शरमेतून गावाने स्वतःच निर्णय घ्यावा अशी अपेक्षा असते. घरगुती शौचालयाला बाहेरून एक पैसाही द्यायचा नाही, हे या पद्धतीचे मूळ तत्त्व. तेव्हाच्या अहमदनगर आणि नांदेड जिल्ह्यांतून ती महाराष्ट्रात आली आणि येथील अभियानाच्या वृत्तीशी सहज जुळली.

या इतिहासात पहिली गफलत अशी होते, की ओस पडलेल्या शौचालयांचे खापर अनुदानावर फोडताना ती शौचालये कशी होती हे कोणी विचारत नाही. जे कुटुंब पुढची पंधरा-वीस वर्षे ती खोली वापरणार, त्याला जागा, दिशा, भांडे, खड्डा यांपैकी कशाबद्दलही न विचारता वरून आलेल्या उद्दिष्टानुसार बांधकामे उरकली गेली, आणि हिशेब मांडला गेला तो उभ्या राहिलेल्या भिंतींचा. संपूर्ण स्वच्छता अभियान आणि त्यानंतरचे निर्मल भारत अभियान यांच्या कामगिरीची तपासणी करणाऱ्या भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालातही तीस टक्क्यांहून अधिक घरगुती शौचालये निकामी आढळली, आणि त्याची कारणे म्हणून निकृष्ट बांधकाम, अर्धवट राहिलेली कामे आणि देखभालीचा अभाव यांची नोंद झाली. वाईट बांधलेल्या खोलीचा कोणी वापर केला नाही, यावरून ती बांधण्यासाठी पैसे देणेच चूक होते असे अनुमान काढणे म्हणजे गळक्या छपराची शाळा ओस पडली म्हणून शिक्षणावरचा खर्च थांबवण्याची शिफारस करणे होय.

येथे शौचालय ही वस्तू जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण अनुदानाविरुद्धचे बहुतेक युक्तिवाद तिच्याकडे न पाहताच केले जातात. भारतीय खेड्यासाठी वर्षानुवर्षे शिफारस होत आलेला नमुना दोन शोषखड्ड्यांचा आहे. त्यात बसण्याचे भांडे तीव्र उताराचे असते आणि त्याखालच्या वाकड्या नळीत साधारण २० मिलिमीटर पाणी अडून राहते, ज्यामुळे खालची दुर्गंधी आणि माशा वर येत नाहीत. हे भांडे दीड-दोन लिटर पाण्यात साफ होते, जी गोष्ट डोक्यावरून पाणी आणणाऱ्या घरात निर्णायक ठरते. भांड्यामागच्या लहान कुंडीतून मैला एका वेळी एकाच खड्ड्यात सोडला जातो. खड्ड्याच्या भिंतीचे वीटकाम जाळीदार असल्याने पाणी आजूबाजूच्या मातीत मुरते, आणि पाच-सहा माणसांच्या घरात काही वर्षांनी तो भरला की कुंडीत तोंड बदलून दुसरा खड्डा सुरू केला जातो. बंद ठेवलेल्या खड्ड्यातला मैला वर्षा-दोन वर्षांत वासरहित, मातीसारख्या खतात बदलतो. हे सगळे नीट जमायचे तर हाताशी जाणता गवंडी हवा, दोन खड्ड्यांत पुरेसे अंतर हवे आणि मुळात दोन खड्डे खणण्याइतकी जागा हवी. गावठाणाच्या कडेला किंवा गायरानात झोपडी असलेल्या भूमिहीन कुटुंबाकडे यांतले काहीच नसते. त्याला एकतर एकच उथळ खड्डा परवडतो, जो दोन पावसाळ्यांत भरतो किंवा ढासळतो, नाहीतर काहीच परवडत नाही. आणि बीड जिल्ह्यातले एखादे ऊसतोड कुटुंब, जे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी वर्षाचे पाच-सहा महिने कोपीत काढते, त्याने स्वतःच्या गावी पक्के शौचालय बांधले नाही यात सवयीचा भाग किती आणि पैशाचा किती, हे ठरवण्यासाठी फार मोठ्या संशोधनाची गरज नाही.

केवळ प्रबोधन आणि स्पर्धा यांच्या बळावर किती मजल मारता येते, याचेही उत्तर महाराष्ट्राकडे आहे. गाडगेबाबा अभियानाने अनेक गावे खरोखर बदलली आणि ग्रामसभेत शौचालयाचा विषय उघडपणे बोलला जाऊ लागला, हे त्याचे मोठे श्रेय. २००३ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या निर्मल ग्राम पुरस्कारांतही महाराष्ट्र देशात सर्वांत पुढे राहिला. या सगळ्या काळात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला केंद्राच्या योजनेतून मिळणारी रक्कम पाचशे रुपयांपासून सुरू होऊन हळूहळू वाढत गेली, म्हणजे ती पक्क्या शौचालयाच्या खर्चाचा एक लहान हिस्साच होती. या दशकाच्या शेवटी झालेल्या २०११ च्या जनगणनेत ग्रामीण महाराष्ट्रातील केवळ ३८ टक्के घरांच्या आवारात शौचालय आढळले. ज्या राज्यात लोकजागृतीची चळवळ देशात सर्वांत जोमदार होती, तेथेही दहापैकी सहा घरे मागे राहिली. ती सगळी घरे आळशी किंवा अडाणी होती असे म्हणायचे धाडस करायचे नसेल, तर पैशाचा प्रश्न मान्य करावाच लागतो.

‘अनुदान स्वावलंबन मारते’ हा दावा प्रत्यक्ष प्रयोगाने तपासून पाहता येतो, आणि तो तपासला गेलाही आहे. रेमंड गिटरास, जेम्स लेव्हिनसन आणि अहमद मुश्फिक मोबारक या अर्थशास्त्रज्ञांनी बांगलादेशाच्या तानोर भागातील ३८० वस्त्यांत एक चाचणी केली, जिचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोणत्या वस्तीला काय मिळणार हे सोडतीने ठरवण्यात आले: काही वस्त्यांत समुदायप्रणीत पद्धतीच्या धर्तीवर फक्त प्रबोधन झाले, काहींत प्रबोधनाच्या जोडीला भूमिहीन गरिबांना शौचालयाच्या साहित्यावर सवलतीच्या चिठ्ठ्या देण्यात आल्या, काहींत केवळ साहित्य कुठे व कसे मिळते याची व्यवस्था लावण्यात आली, आणि काहींत काहीच केले गेले नाही. सोडतीमुळे वस्त्या मुळातच वेगळ्या होत्या ही शंका उरत नाही. नुसत्या प्रबोधनाने आरोग्यदायी शौचालय असलेल्या घरांचे प्रमाण १.६ टक्केबिंदूंनी, म्हणजे शंभर घरांमागे दीड-दोन घरांनी वाढले, जी वाढ योगायोगापासून वेगळी काढता येत नाही. बाजारव्यवस्थेच्या उपायाने तर ०.३ टक्केबिंदूंचाच फरक पडला. जेथे भूमिहीनांपैकी बहुसंख्यांना चिठ्ठ्या मिळाल्या तेथे मात्र चिठ्ठी मिळालेल्या घरांत हे प्रमाण २२ टक्केबिंदूंनी वाढले, आणि उघड्यावर शौचाला जाणे १४ टक्केबिंदूंनी घटले.

यापेक्षाही महत्त्वाचा आकडा शेजाऱ्यांचा आहे. अनुदानविरोधकांच्या म्हणण्याप्रमाणे शेजाऱ्याला चिठ्ठी मिळाली की चिठ्ठी न मिळालेल्या माणसाने हात आखडून पुढच्या योजनेची वाट पाहायला हवी होती. प्रत्यक्षात चिठ्ठी न मिळालेल्या शेजाऱ्यांमध्येही आरोग्यदायी शौचालयांचे प्रमाण ८.५ टक्केबिंदूंनी वाढले, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या पैशाने. शेजारपाजारच्या चार घरांत शौचालय आले की पाचव्या घराला टमरेल घेऊन बाहेर जाणे लाजिरवाणे वाटू लागते. म्हणजे ज्या शरमेला प्रबोधनवाले इतके महत्त्व देतात, ती शरमसुद्धा शेजारी शौचालय दिसू लागल्यावरच कामाला लागते. हे सारे घडले ते समुदायप्रणीत स्वच्छतेचा जन्म झाला त्याच राजशाही जिल्ह्यात. चिठ्ठीमुळे साहित्याच्या किमतीपैकी ७५ टक्के भार हलका होत असे, वाहतुकीचा आणि बसवण्याचा खर्च कुटुंबालाच करावा लागे. तेव्हा अनुदान म्हणजे सर्व काही आयते मिळणे, हे समीकरणही या चाचणीने मोडीत निघते.

एकाच देशातल्या एकाच चाचणीवर विसंबू नये, असा आक्षेप रास्त ठरेल. म्हणून ओडिशाच्या भद्रक जिल्ह्यातील २००५-०६ चा अनुभव पाहणे योग्य. सुब्रेंदु पटनायक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासलेल्या ४० गावांपैकी निम्म्या गावांत गावफेरी आणि शरमेची जाणीव यांवर आधारलेली जोरदार मोहीम झाली आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना अनुदानही मिळाले. त्या गावांत शौचालयधारक कुटुंबे ६ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर गेली. अनुदानास पात्र कुटुंबांत ५ वरून ३६ पर्यंत, तर अनुदान नसलेल्या तुलनेने सधन कुटुंबांत ७ वरून २६ पर्यंत वाढ झाली. मोहिमेचा प्रभाव खरा होता हे सधनांच्या आकड्यांवरून दिसते, परंतु अनुदान मिळालेले गरीब सधनांच्याही पुढे गेले, ही गोष्ट ‘शरम की अनुदान’ असा पर्याय उभा करणाऱ्यांना अडचणीची आहे.

शौचालय ही खाजगी चैनीची वस्तू असती तर तिचा खर्च घरधन्याने करावा हे म्हणणे समजण्यासारखे होते. परंतु एका घराने उघड्यावर सोडलेल्या विष्ठेतले जंतू आणि जंतांची अंडी शेजाऱ्याच्या विहिरीत, रांगणाऱ्या बाळाच्या हातावर आणि सार्वजनिक वाटेवर पोहोचतात. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, म्हणजे एकाच्या वागण्याचा जो लाभ किंवा तोटा व्यवहारात सामील नसलेल्या दुसऱ्याला होतो, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. जेफ्री हॅमर आणि डीन स्पिअर्स यांनी महाराष्ट्रातील ग्रामस्वच्छता कार्यक्रमाच्या एका प्रयोगाचे विश्लेषण केले; अहमदनगर जिल्ह्यातील गावांतून मिळालेल्या मापनांत, कार्यक्रम झालेल्या गावांतील मुलांची वयानुसार उंची सरासरीने सुमारे ०.३ प्रमाण विचलनाने अधिक आढळली. प्रमाण विचलन म्हणजे मोजमापे सरासरीपासून किती विखुरली आहेत हे सांगणारे माप. आणि बालवयातल्या उंचीच्या बाबतीत एवढा फरक लहान नव्हे. लसीकरणाचा खर्च सरकार उचलते कारण एका मुलाला टोचलेली लस दुसऱ्या मुलालाही वाचवते. गावातल्या सर्वांत गरीब घराच्या शौचालयाचा फायदा सरपंचाच्या नातवालाही होतो, तेव्हा त्याचा सगळा भार त्या गरीब घरानेच वाहावा, या आग्रहाला नैतिक किंवा आर्थिक असा कोणताच पाया उरत नाही.

स्वावलंबनाचा हा धडा शहरांना कधी दिला जात नाही, ही बाब विशेष संतापजनक आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात मलनिःसारणासह पायाभूत प्रकल्पांसाठी ४० लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांना केंद्राकडून ३५ टक्के, १० ते ४० लाखांच्या शहरांना ५० टक्के आणि इतर बहुतेक शहरांना ८० टक्के अनुदान होते. सदनिकेतल्या माणसाने साखळी ओढल्यावर मैला जमिनीखालून कित्येक किलोमीटर दूर नेणारी वाहिनी, तो उपसणारे पंप आणि शुद्धीकरण केंद्र यांचा भांडवली खर्च करदात्यांनी उचललेला असतो. त्या सदनिकेतल्या माणसाची कदर संपली किंवा तो परावलंबी झाला असे कोणी म्हणत नाही. जागतिक बँकेने दहा विकसनशील देशांच्या आकडेवारीवरून २०१९ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, पाणीपुरवठा आणि मलनिःसारण यांवरील अनुदानांपैकी ५६ टक्के सर्वांत श्रीमंत वीस टक्के लोकांकडे जातात आणि सर्वांत गरीब वीस टक्क्यांच्या वाट्याला ६ टक्के येतात. अनुदानाची चिकित्सा करायचीच असेल तर ती येथून सुरू व्हायला हवी.

अनुदानाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही एक गोष्ट टाळता कामा नये. उत्तर भारतातील पाच राज्यांत २०१३-१४ मध्ये झालेल्या एका पाहणीत, चालू स्थितीतले शौचालय असलेल्या घरांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक घरांत किमान एक माणूस तरी उघड्यावर जात असल्याचे आढळले. डायान कॉफी आणि डीन स्पिअर्स यांनी त्याचे कारण जातिव्यवस्थेतील शुद्ध-अशुद्धतेच्या कल्पनांत शोधले: घराजवळ मैला साठवणे विटाळाचे वाटते, लहान खड्डा लवकर भरेल ही भीती असते, आणि तो उपसणे हे विशिष्ट जातींचे काम असल्याची समजूत पक्की असल्याने लोक प्रचंड मोठा हौद बांधता आला तरच शौचालय वापरायला राजी होतात. हा पुरावा खरा आहे आणि वेदनादायकही आहे. त्यातून एवढेच सिद्ध होते, की पैशाबरोबर जातीविषयी उघड बोलणारे आणि दोन खड्ड्यांचे तंत्र हाताने उघडून दाखवणारे प्रबोधनही लागते. पैसे काढून घेतल्याने विटाळाची कल्पना कशी नाहीशी होईल, हे कोणी सांगितलेले नाही. स्वच्छ भारत अभियानात मोठ्या प्रमाणावर अनुदान दिले गेल्यानंतर, पाहणीतल्या त्या पाच राज्यांपैकी चार राज्यांच्या ग्रामीण भागात उघड्यावर जाणाऱ्यांचे प्रमाण २०१४ ते २०१८ या काळात सुमारे ७० टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आले. अनुदान पुरेसे नसले तरी निष्फळ नव्हते, एवढे यावरून दिसते.

पैसे न देता उद्दिष्ट मात्र गाठायचे ठरवले की उरतो तो बळाचा मार्ग. पहाटेच्या अंधारात शिट्ट्या वाजवत फिरणारी गुडमॉर्निंग पथके, गोदरीवरून परतणाऱ्यांना भर रस्त्यात घातलेले हार, काढलेली छायाचित्रे आणि रेशन बंद करण्याच्या धमक्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. यांचा सर्वाधिक त्रास झाला तो ज्यांना अंधाराखेरीज दुसरा आडोसाच नव्हता अशा बायकांना. ग्रामपंचायत सदस्यत्वासाठी शौचालयाची अट महाराष्ट्रात आहे, हरियाणातही आहे. हरियाणातील अट सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये वैध ठरवली तेव्हा, गरिबांना शौचालयासाठी राज्याने मदत देऊ केलेली असल्याने आता प्रश्न दारिद्र्याचा नसून इच्छेचा आहे, असा आधार घेण्यात आला. म्हणजे सक्तीचे समर्थनही अनुदानाच्या अस्तित्वावर टेकलेले आहे. अनुदान काढून घ्यायचे आणि सक्ती ठेवायची, तर ज्याच्याकडे खड्ड्यापुरती जागा नाही त्याचा निवडणूक लढवण्याचा हक्कही जातो.

म्हणून वाद अनुदान असावे की नसावे यावर न घालता ते कसे द्यावे यावर व्हायला हवा. स्वच्छ भारत अभियानात पात्र कुटुंबाला मिळणारे १२,००० रुपये व्यवहारात बहुधा बांधकाम संपल्यावर आणि छायाचित्र संगणकावर चढल्यावर हाती येतात. ज्याच्याकडे आधी गुंतवायला पैसे आहेत त्यालाच ही पद्धत सोयीची. साहित्याची चिठ्ठी आधी द्यावी, भांडे आणि गवंडी निवडण्याचा अधिकार घरातल्या बाईला असावा, आणि एका पाड्यातल्या बहुतेक गरीब घरांना एकाच वेळी मदत मिळावी, म्हणजे तानोरमध्ये दिसलेला शेजाराचा परिणाम साधता येईल. २०१२ च्या पायाभूत सर्वेक्षणातून सुटलेली आणि त्यानंतर वेगळी झालेली कुटुंबे वर्षानुवर्षे यादीबाहेर राहिली, तशी ती पुन्हा राहू नयेत यासाठी यादी ग्रामसभेत दरवर्षी उघडली जावी. २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले, तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातील २६ टक्के कुटुंबे कोणतेही शौचालय वापरत नसल्याची नोंद आहे. दुसरीकडे १२,००० रुपयांची रक्कम २०१४ मध्ये ठरली ती अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यातही तीच राहिली, जरी मधल्या काळात सिमेंट, वीट आणि गवंड्याची मजुरी सगळेच महागले. हा फरक भरून काढताना कुटुंबे एकतर कर्ज काढतात किंवा दुसरा खड्डा गाळतात. आणि ज्या शौचालयाचा दुसरा खड्डा गाळला गेला, ते पहिला खड्डा भरताच बंद पडते आणि पुढच्या पाहणीत न वापरलेल्या शौचालयांच्या रकान्यात जाऊन अनुदानाविरुद्धचा पुरावा म्हणून मोजले जाते.